सत्तर फुटांचा तुकडा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, मूकपटांचा कथालेखक आणि दिग्दर्शक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मत्सराची तपासणी त्यांनी केली नाही, नाहीतर दाखला मिळाला नसता.

१. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीला. माझ्या अकरा मूकपटांपैकी नऊंची ती नायिका. कोणाही भाऊबंदाने मध्ये तोंड घालू नये.

२. ज्यातून मी नटांवर ओरडत असे तो पत्र्याचा कर्णा पुतण्याला. घरात वाजवू नये.

३. ‘देखणा’, म्हणजे त्याच नऊ मूकपटांचा नायक, यास काहीही नाही. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांवरचे त्याचे बोलणे मी लिहिले आणि बायकांची पत्रे त्याला आली. पुढे बोलपटात त्याचा चिरका आवाज ऐकून लोक हसले, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. माझ्या अंत्यविधीला आलाच तर मागे उभे राहावे. जन्मभर पुढे उभा राहिला आहे.

४. कपाटातल्या डबीत फिल्मचा सत्तर फुटांचा तुकडा आहे. तो चटकन पेट घेतो, दिव्याजवळ नेऊ नये. शेवटच्या मूकपटातला, देखणा आणि माझी पत्नी यांच्या निरोपाचा हा प्रसंग. मूकपटात नट वाटेल ते बोलत, लोकांना माझी पाटी दिसे. इथे पाटी होती, “जा, माझी वाट पाहू नकोस.” देखणा मात्र तिच्याशी भलतेच काही बोलला. मी कर्ण्यातून ओरडत होतो, एक शब्द कानी पडला नाही. चित्रण संपले तरी तिचे रडणे थांबेना.

घरी विचारले, “काय म्हणत होता तो?”

“कोण? मला नाही बाई आठवत.”

मी तो प्रसंगच कापून टाकला. सिनेमा आपटला.

गेल्या महिन्यात धीर करून तुकडा आमच्या कपडेपटातल्या शिवणकामवाल्या बाईंना दाखवला. त्यांना ऐकू येत नाही, त्या ओठ वाचतात. त्यांनी कागदावर लिहिले, “तो म्हणतो, सोड याला. उद्या माझ्याबरोबर चल.”

“आणि ती?” मी लिहिले.

“तिची पाठ आहे.”

तिला पाठ फिरवायला मीच सांगितले होते. पडद्यावर चांगले दिसेल म्हणून. स्वतःच्या पायावर धोंडा मी असा मारून घेतला.

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. पुढची चौतीस वर्षेही गेली नाही. शहाण्याला एवढे उत्तर पुरले असते. मला पुरत नाही. ती ‘नाही’ म्हणाली, की ‘आत्ता नको’, की ‘मग याला कोण सांभाळणार’, हे कळल्याशिवाय मला मरवत नाही.

५. तो तुकडाही पत्नीला. तिने जपावा किंवा जाळावा. तोंडाने विचारायची मला अजून लाज वाटते. म्हणून हे मृत्युपत्र वकिलाकडे न देता, पाकीट न चिकटवता, तिच्या चष्म्याखाली ठेवत आहे. उत्तर द्यायचे असेल तर मी असेतो द्यावे.

साक्षीदार: कपडेपटातल्या बाई (सही), शेजारचे डॉक्टर (सही)
मृत्युपत्र करणार: तिचा नवरा (सही)
ठिकाण: मागची खोली, ती बाजारात गेली असताना
दिनांक: १९ नोव्हेंबर १९६३