तुझं रेघांचं गवत

आई, आज अंगणातलं तुझं गवत विरळ केलं. जमिनीवर फतकल मारून ठोंब उकरला, फुटी सुट्या केल्या, वाळकी पाती विळ्यानं छाटली, आणि मग मला उठताच येईना. सून म्हणाली, "आत्याबाई, कशाला जिवाला त्रास करून घेता? पुढच्या महिन्यात इथं फरशी घालायचीच आहे ना." मी आत येऊन हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही किती वर्षं लोटली. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

निजामाचा अंमल होता. अंमलदाराचा दौरा लागला की गावाबाहेरचा बंगला सारवायला बायकांना वेठीला धरून नेत. तिथल्या माळ्यानं वाफ्याच्या कडेचं गवत उपटून फेकलं होतं, त्यातला एक ठोंब तू पदरात बांधून आणलास. लांब हिरवी पाती, कडेला पांढरी रेघ, पावसाळ्यात जांभळा तुरा. ना खायच्या कामाचं, ना देवाला वाहायच्या. आबा पोट धरून हसले होते. "सारा जलम गवत उपटण्यात चाललाय, आन् तू ते लावतीस व्हय?" तू तो अंगणात लावलास. शेळ्या तोंड लावतील म्हणून भोवती काटेरी बोराट्या रोवल्यास. भांड्यांचं राखेचं पाणी तिकडे जाऊ द्यायची नाहीस, डाळ-तांदूळ धुतलेलं तेवढं घालायचीस. पाणी साचलं की पाती पिवळी पडतात, हे मला तुझ्याकडूनच कळलं.

त्या वर्षी वेळ अमावास्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, आबांची बहीण, अणदूरची आत्या, आली होती. कामाची मोठी हौस तिला. आपण चुलीपाशी सणाची डाळी-भाज्यांची भज्जी शिजवत होतो, तेवढ्यात तिनं खुरपं घेऊन सगळं अंगण साफ केलं. "लई माजलं व्हतं गवत, वैनी. समदं काढलं बघ," म्हणाली. बिचारीचा काय दोष? शेतकऱ्याच्या घरात गवत दिसलं की हात आपोआप खुरप्याकडे जातो.

अजून दिसतं मला: बाहेर बैलगाडी जुंपलेली आहे. आंबिलाची मातीची बिंदगी घोंगड्यात गुंडाळून तू डोक्यावर घेतली आहेस, आणि तुला ते उघडं अंगण दिसतं. तू बिंदगी खाली ठेवतेस. घरची बाई आंबील घेऊन आली नाही तर शेतात पूजा कशी व्हायची? आबा ओरडतात, "चल की, ऊन वर आलं!" तू म्हणतेस, "म्या न्हाय येत. ह्या घरात येवढं एकच माझं व्हतं." तुझा आवाज चढलाही नव्हता. पण मला तुझी भीती वाटली ती तेव्हाच.

आत्या रडायलाच लागली. आबा गाडीतून उतरले, उकिरड्याशी उकिडवे बसले आणि हराळी, कुंदा असलं उपटलेलं तण बाजूला सारत तुझी रोपं वेचू लागले. गवत ओळखणारी नजर ती, रोपं तुझ्याआधी त्यांनाच सापडली. तू रोपं पुन्हा लावलीस, हात धुतलेस, बिंदगी उचललीस. शेतात पोचायला उशीर झाला, आणि त्या दिवशी आबांनी तुला आधी वाढलं.

तू गेल्यावर ठोंब मी माझ्याकडे आणला. घरं बदलली, प्रत्येक वेळी तो सोबत नेला. उन्हाळ्यात स्वतःच्या आंघोळीचं पाणी कमी करून त्याला घातलं. लोक कौतुक करतात, मी सांगते, आईचं आहे. आता खरंच थकले गं. फरशी घाला असं मीच म्हणाले, ते रागानं नाही.

हे पत्र घडी करून उशीखाली ठेवीन, आणखी कुठं धाडणार? मघाशी सुट्या केलेल्या फुटींकडे बघताना एकच मनात आलं. तुझं सांभाळता सांभाळता, आई, माझं असं काही मी लावलंच नाही.