बैलाची मान

बाबा, तुमच्या त्या लाकडी बैलाची मान कशी हलायची, हे एवढ्यात पुन्हा डोक्यात शिरलंय आणि काही केल्या निघत नाही. विचारायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. ऑफिसात माझं काम आकड्यांचे आलेख काढायचं. जेवणाच्या सुट्टीत त्याच सॉफ्टवेअरमध्ये मी प्राणी काढते. दोन गोल आलेख शेजारी ठेवले की घुबडाचे डोळे होतात, आलेखाच्या दांड्या पंख्यासारख्या मांडल्या की साळिंदर. आकडा बदलत ठेवला की डोळे फिरतात, काटे उभे राहतात. तुम्ही म्हणाला असता, "यासाठीच ठेवलं का वं तुले त्यांनी?"

यंदा तान्ह्या पोळ्याच्या आधी तुमच्या नातीनं हट्ट धरला, आजोबांचा बैल काढ. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही, बैलालाही नाही. नंदनवन वस्तीतलं जुनं घर सोडून हुडकेश्वरला राहायला आलो, त्या गडबडीत तो कुठे गेला कोण जाणे. मी ठिपक्याठिपक्यांनी बैल काढला, खाली चाकं लावली, चालवून दाखवला. लेक म्हणाली, "आई, हा तर झोपून राहिला." खरंच, मान ढिम्म.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही शाळेतले कारकून, शेजाऱ्याकडून मागून आणलेलं भोकं पाडायचं गिरमिट घेऊन माझा बैल करायला ओट्याखाली बसले आहात. भुसा आईच्या कणकेत उडतोय आणि ती म्हणतेय, "अवो, चाकाचं भोक एका बाजूले गेलं ना." तुम्ही म्हणता, "राहू दे वं. चालते." तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं आपापले लाकडी बैल ओढत मैदानात येतात आणि माझ्या बैलाला लंगडा म्हणतात. मी रडकुंडीला येते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की एवढ्या बैलांत मान डोलवत चालणारा हा एकटाच. आत काय आहे ते पाहायला मी तो उलटा करायला जाते, तर तुम्ही माझा हात धरता, "पूजा झालेल्या बैलाले उलटं पाडू नये, बेटा." तेव्हापासून मला वाटायचं, पोटात दोरी असेल.

परवा जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच चित्र उघडलं. त्यात मी मान धडाच्या वर-खाली होण्याला बांधून ठेवली होती, धड हललं की मान हलेल अशी, पण सपाट चालणारं धड वर-खाली होईल कशाला? दुसरंच काही दुरुस्त करताना चाकाच्या मध्याचा आकडा चुकून जरासा हलला आणि मध्य एका बाजूला सरकला. बैल लंगडायला लागला. आणि मान डोलली, बाबा. अगदी तशीच, थोडी उशिरानं. माझा घास हातातच राहिला. दोरीबिरी काही नव्हती. सैल खिळ्यावरची मान आणि ते एका बाजूला गेलेलं भोक, एवढंच.

आता सांगा, ते भोक तुम्ही मुद्दाम तसं पाडलं होतं, की गिरमिट घसरलं आणि मान आपोआप डोलायला लागली? बैल उलटा करू दिला नाहीत तो पूजेपायी, की आत काय होतंय हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं म्हणून? आईला विचारलं, तर म्हणाली, "त्यायले खिळा सरळ ठोकता येत नव्हता," आणि हसतच बसली.

घरी बैल चालवून दाखवला, तेव्हा लेकीनं चाकाचा तो आकडा पाहिला. म्हणाली, "हा चुकला ना, नीट करू?" मी म्हटलं, हात लावू नको, आजोबांनी मुद्दाम तसंच केलं होतं. ठासून सांगितलं. आता ती कॉलनीभर तेच सांगत फिरते. मला काही माहीत नाही, बाबा.