टायवाला आमच्या वर्गात नापास झाला त्याची हकीकत

अगं धाकटे, आधी आला तो टायवाला. त्याच्यामागून जाड चष्म्याची बाई, आणि दोघांच्या चेहऱ्यावर असा भाव की आमचं घर त्यांनीच बांधून दिलंय. (आशीर्वाद वर लिहायचा राहिला. तो आता घे, अर्धा तुझ्या ह्यांना दे. त्यांचा गुडघा दुखतो का ते कळव. दुखत असेल तर दुखू दे, जन्मभर एका जागी बसून खाल्लं त्याचं ते फळ.) मी मजेत आहे. इतकी मजेत की कालपासून एकटीच हसते आहे आणि सून दोनदा कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

आता मुळापासून सांगते. आपल्या भिंगरीची नोकरी तुला माहीत आहे. नात माझी, पण संस्थेतर्फे गल्लोगल्ली जाऊन माझ्याएवढ्या बायकांना पैशाची अक्कल शिकवते. शिल्लक कशी टाकावी, विमा घेताना काय विचारावं, गोड बोलून कोणी लुबाडायला आलं तर त्याला वाटेला कसं लावावं. (तिचा बाप विचारतो, ही काय नोकरी. त्याने दामदुप्पटवाल्याच्या घशात पैसे घातले तेव्हा अशी नोकरीवाली घरात असती तर आज आम्हाला वरचा मजला असता.) वर्ग आमच्याच पुढच्या खोलीत भरतो. पण पोरीला अजून कायम केलेलं नाही. मोठ्या ऑफिसची माणसं वर्ग बघणार, पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर तिला बिनखिडकीच्या खोलीत बसवून दिवसभर कागदांना टाचण्या मारायला लावणार. भिंगरी आणि एका जागी. आठ दिवसांत वाळून जाईल गं ती.

तिची शिकवायची तऱ्हाच निराळी. फळ्यावरचं आमच्या डोक्यात शिरत नाही हे तिने लवकर ओळखलं, म्हणून ती स्वतःच लबाड होऊन येते. कधी बँकेची मॅडम, कधी वीज तोडायला आलेली बाई, आणि आम्ही तिला पकडायचं. पहिल्या खेपेला आमच्या वर्गातल्या शिवणवालीने खात्याचा नंबर तर सांगितलाच, वर नवऱ्याच्या घोरण्याची तक्रारही नोंदवली. पुढे आम्ही इतक्या तयार झालो की भिंगरी ओळखीच्यांना सोंगं देऊन पाठवायला लागली. मागे विमावाला म्हणून तिच्या मैत्रिणीचा भाऊ आला होता. भाजीवालीने त्याला असा घोळात घेतला की तो चपला टाकून पळाला. (चपला अजून दाराशी आहेत. तुझ्या ह्यांना होतील.)

मोठ्या ऑफिसची माणसं यायची होती शुक्रवारी. हे दोघे उगवले मंगळवारी, न कळवता, आणि भिंगरी गेलेली तक्ते छापून आणायला. टायवाला म्हणाला, आम्ही वरच्या ऑफिसातून आलोय, सगळ्यांनी नाव, फोन आणि खातं कुठल्या बँकेत ते लिहून द्या. आम्ही एकमेकींकडे बघून गालात हसलो. इतकं कच्चं सोंग भिंगरीने कधी पाठवलं नव्हतं. मी उठले, दाराला आतून कडी घातली आणि दाराशी स्टूल ओढून त्यावर बसले. त्याने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, तर भाजीवाली म्हणते छपाई छान झालीय, कुठे केलीत. त्याला घाम फुटला. काय सुरेख घाम आणलाय, मी मनात म्हटलं, पोरीने या वेळी चांगला नट धरलाय. चष्मेवाली आधी रागावली, मग कोपऱ्यात जाऊन तोंडाला रुमाल लावून बसली. भिंगरीला फोन लावावा तर छापखान्याच्या गोंगाटात ती कसली उचलते.

मग शिवणवाली पुढे झाली. आवाजात इतका मध की मला शिसारी आली. म्हणाली, साहेब, विश्वास ठेवायचाय हो आम्हाला, पण खात्री कशी करू. नंबर द्या, तुमच्या फोनवर आकडे येतील ते वाचून दाखवा, जुळले की कडी काढते. तिने आपल्या फोनवर काहीतरी खुडबुड केली. आणि धाकटे, जे आकडे कोणालाही सांगायचे नाहीत म्हणून भिंगरी आमच्याकडून घोकून घेते, तेच त्या माणसाने वाचले. नीट ऐकू आलं नाही म्हटल्यावर पुन्हा वाचले, सावकाश.

चष्मेवाली हसता हसता खुर्चीवरून घसरली. तेवढ्यात दार वाजलं, मी कडी काढली, भिंगरी तक्त्यांची भेंडोळी घेऊन आत आली आणि पांढरीफटक पडली.

"आजी, हे माझे साहेब आहेत."

"मग आधी ह्यांना शिकव," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग उमगलं, की पोरीच्या नोकरीवरच आपण स्टूल टाकून बसलो होतो.

पण वरची ती चष्मेवाली निघाली, टायवाला तिच्या हाताखालचा. शिवणवालीने त्याचा फोन नंबर तिथल्या तिथे पुसून टाकला, आणि त्याने पासवर्ड बदलला, तोही आम्ही सगळ्याजणींनी पाठ फिरवल्यावर. चष्मेवाली डोळे पुसत म्हणाली, या बायका पक्क्या आहेत हे दिसलं, पण हिने पक्क्या केल्या की जन्मतःच अशा आहेत ते कसं कळणार. (जन्मतःच, असं मी सांगणार होते, भिंगरीने पाय दाबला.) तेव्हा हिने कोऱ्या बायकांना पहिल्यापासून शिकवलेलं बघायचं आणि मगच सही करायची, असं ठरलं.

तुझी,
मोठी

ता. क. कोऱ्या बायका आता आमच्या गल्लीत उरल्या नाहीत. म्हणून तुला लिहितेय. फोनवरच्या कोणा गोड मुलाला तू खात्याचा नंबर आणि वर आपल्या आईची जन्मतारीख सांगितलीस असं मागच्या पत्रात कळवलंस. तुझ्याइतकी योग्य बाई मला कुठे मिळणार. तुझ्या त्या चार मैत्रिणींनाही घेऊन ये, त्याही तशाच. पण आधी बँकेत जाऊन ते खातं थांबव, आजच. फोनच केला असता, पण तुझा फोन सदा त्याच्याशीच लागलेला, म्हणून हे दूधवाल्याच्या हाती धाडते.

ता. क. लाजू नकोस. टायवाल्यालाही चष्मेवालीने पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय.

ता. क. या खेपेला कळवून येणार आहेत. पुढच्या गुरुवारी.