गुरुवारची बेसूर गाणी

५ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पन्नाशी उलटली तरी मी तुला छोट्याच म्हणणार, तक्रार करू नकोस. इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, दिवसभर शिलाई मशीन चालू. हात गुंतलेले पण कान रिकामे, म्हणून रेडिओ लावते. दर गुरुवारी दुपारी तीनला एक कार्यक्रम लागतो. कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता लोकांनी आपापल्या घरी केलेली गाणी त्यात वाजवतात. निवेदिका त्याला इंडी म्हणते, आणि त्यातल्याच एका प्रकाराला अँटी-फोक. म्हणजे चाल साधी लोकगीताची, पण गोडव्याची आणि शिस्तीची पार ऐशीतैशी! काल एक जण दाढदुखीवर गात होता. गिटार बेसूर, खुर्ची कुरकुरतेय, मधेच त्याला स्वतःलाच हसू आलं. तू पियानो सुरात लावणारा माणूस, तुझे कान किटतील. म्हणून मुद्दाम ऐक.

घसा बसलाय म्हणालास त्याला दोन महिने झाले. डॉक्टरांना दाखव. तुझी चालढकल मला नवी नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

कार्यक्रम ऐकला. पहिल्या गाण्यात सतरा चुका मोजल्या आणि तुला चिडवायला कागदावर मांडल्याही. पुढचं गाणं एका बाईचं होतं, वडील गेल्यावर त्यांच्या चष्म्याचं काय करायचं याबद्दल. आवाज फाटका, श्वास अपुरा. मी मोजायचं विसरून गेलो. ताई, असंही गाता येतं हे मला चोपन्नाव्या वर्षी कळावं? आपले बाबा गायनमास्तर. वर्गात सगळ्यांदेखत त्यांनी मला सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. ते मी आजवर पाळलं.

आता दुसरं. डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती वाईट आहे. वीस मार्चला अख्खं स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल बहुधा, आवाज मात्र कायमचा जाईल.

मी एक गाणं जुळवलंय. लोकांच्या पियानोत मला काय काय सापडलं त्याचं: केसांची पिन, बटण, दुधाचा दात, कुणाला न दिलेली चिठ्ठी. माझ्या आवाजात ते त्या निवेदिकाबाईंपर्यंत पोचावं, एवढंच आता हवंय. तू रडू नकोस.

तुझा,
छोट्या


२४ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

रडून झालं, मग लिहायला बसले. सोबत लेकीचा जुना टेपरेकॉर्डर आणि एक कोरी टेप पाठवतेय. एकदाच गा. गायलेलं ऐकू नकोस. टेप काढ, पाकिटात घाल आणि थेट टपालात टाक. खुर्ची कुरकुरली तर कुरकुरू दे, खोकला आला तर येऊ दे. स्वभावाला औषध नसतं हे ठाऊक आहे, म्हणून हात जोडून सांगतेय.

मी अठराला तुझ्याकडे पोचते. नको म्हणू नकोस, ऐकणार नाही.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. पहिल्यांदा गायलो ते बरं झालं होतं, पण तिसऱ्या ओळीत आवाज केसभर उतरला. तीस वर्षांत चुकीचा सूर मागे ठेवून मी कुणाच्या घरातून बाहेर पडलेलो नाही. टेप मागे घेतली आणि त्यावरच पुन्हा गायलो. मग परत. असं बारा वेळा. दर खेपेला आवाज आधीपेक्षा वाईट, आणि मी आधीचं पुसत गेलो. दुसरी टेप मिळणारं दुकान दोन मिनिटांवर आहे, पण सुचलं नाही. काल घशातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी आता बोलायचीही बंदी केलीय.

पहिलंच चांगलं होतं, ताई.

टेप तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. तिच्यावर काय उरलंय ते ऐकायचा मला धीर नाही. बरं असलं तर पुढे रेडिओला पाठव.

तुझा,
छोट्या


२ एप्रिल

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खाटेपाशी दहा दिवस काढून घरी आले, तर टेप येऊन पडली होती. लगेच ऐकली. तिच्यावर गाणं नाहीये. दोन ओळी येतात, शब्द लागत नाहीत, मग खोकला, आणि मग तू म्हणतोस की चुकलं, पुन्हा घेतो. टेप तशीच चालू राहिली असावी, त्यापुढे शेवटपर्यंत खरखर. रेडिओला पाठवण्यासारखं काही नाही. खोटं सांगून तुला बरं वाटवणं मला जमणार नाही.

मला तुझा राग आलाय. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, छोट्या. या खेपेस तुला गप्प बसवलं ते तूच. आजारी माणसाला असं लिहू नये, पण लिहिलं नाही तर माझं काळीज फुटेल. आता गुरुवारी तीन वाजले की मी रेडिओ बंद करते.

काल इस्पितळातून तुझी चिठ्ठी आली. टेप पुसून टाक, चुकीचं काही मागे राहायला नको, असं लिहिलंयस. तुझं आजवर सगळं ऐकलं, हे ऐकणार नाही. जगात तुझा आवाज म्हणून आता तेवढाच उरलाय, चुकलं म्हणणारा. तो माझ्या कपाटात राहील.

माया होती तेवढीच आहे. तूही राग धरू नकोस.

तुझी,
ताई