बाळाला उंबऱ्याबाहेर कोण आणणार

तेशी,
४ जुलै १९८७

चि. सौ. कोर्ले हिस, तुझ्या नवऱ्याच्या थोरल्या, उपेक्षित व निरुपद्रवी भावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला पुन्हा दिवस गेल्याची शुभवार्ता मला प्रवासी ट्रोट्रोचा चालक ताविया याजकडून समजली. ज्या गाडीने आपली पत्रे जातात येतात, तिच्या चालकास जे ज्ञात आहे ते सख्ख्या दिरास अज्ञात असावे, हा योगायोग नव्हे. हे धोरण आहे. असो. अभिनंदन.

आता मूळ विषय. पाच वर्षांपूर्वी सोवाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी पहाटे, त्याला उंबऱ्याबाहेर आणण्याचा मान पित्याच्या थोरल्या भावाचा, म्हणजे माझा होता. बाळाला जो प्रथम बाहेर आणतो, उघड्या जमिनीवर ठेवतो आणि ‘माझ्या वळणावर जा’ असे म्हणतो, त्याच्याच वळणावर ते मूल जाते, हे आपल्या गा लोकांत शेंबडे पोरही जाणते. त्या मंगलप्रसंगी तू मला बोकडाशेजारी उभे केलेस, आणि मूल दिलेस तुझ्या मामांच्या, डीकन ओडोटे यांच्या हाती. कारण असे सांगितलेस की मी तोंड उघडले की लोक हसतात.

फळ समोर आहे. सोवा आज पाच वर्षांचा असून एकदाही खळखळून हसलेला नाही. गेल्या नाताळात मी त्याच्यापुढे बदकासारखा चाललो, तेव्हा त्याने गंभीरपणे विचारले की काकांचे गुडघे दुखतात काय. हे बालक नव्हे, ही डीकनसाहेबांची लघुआवृत्ती आहे.

माझी पत्नी निवर्तली, मागे मूल नाही. या भूतलावर माझ्या वळणावर जाणारा एकही जीव नाही. इष्टमित्र याला भूतलाचे सुदैव म्हणतात. तरी मी लेखी बजावतो की येणारे बाळ उंबऱ्याबाहेर मीच आणीन. आणि झालेल्या अवमानाचा सूडही घेईन. आपला होमोवो हा सणच मुळी उपासमारीची हुर्यो उडविण्याचा आहे. जो समाज प्रत्यक्ष दुष्काळाला क्षमा करीत नाही, त्यातील माणूस तुझ्या मामांना करील, ही अपेक्षा अवास्तव आहे.

सुडाचा पहिला अध्याय म्हणून येत्या होमोवोला सोवास तेशीला आणण्याची परवानगी असावी. तो आजवर मामांच्या प्यूजो मोटारीखेरीज कशातही बसलेला नाही. मी त्याला ट्रोट्रोने आणीन.

लोभ आहेच असे मी गृहीत धरतो. नसल्यास कळविण्याची तसदी घेऊ नये.

तुझा भावोजी,
आमार्काय


कोफोरिदुआ,
१२ जुलै १९८७

ती. भावोजींना कोर्लेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं, तर हे पेपरामागे तोंड लपवून खोकत राहिले. तुमच्या भावाला तुमची पत्रं आली की नेमका खोकला येतो.

माझी प्रकृती बरी आहे. फक्त माशाचा वास सहन होत नाही, आणि कोफोरिदुआत आजकाल दगडालासुद्धा माशाचा वास येतो.

मानाचं म्हणाल, तर मी विसरभोळी नाही. आमच्या लग्नाआधी तुम्ही एका अंत्ययात्रेला आला होतात. पेटी वाहणाऱ्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलात, सहाही जण हसत सुटले आणि पेटी कलंडली. त्या पेटीत माझी आत्या होती. तिने मला वाढवलं होतं. तुम्ही काय पुटपुटलात ते आजवर कोणी मला सांगितलं नाही, आणि मला ऐकायचंही नाही. पण त्या दिवशी ठरवलं की माझं मूल ह्या माणसाच्या वळणावर जाणार नाही. तेव्हा सूड तुम्ही सुरू केलात असं समजू नका. तुम्ही उशिरा आलात.

पुढच्या बाळालाही मामाच बाहेर आणतील. त्यांना विचारून ठेवलंय.

सोवाला होमोवोला न्या. पण एक अट आहे. सोबत मामा येतील. त्यांची प्यूजो गॅरेजात पडली आहे, म्हणून ट्रोट्रो चालेल म्हणाले. चेहरा मात्र दात काढायला निघाल्यासारखा होता. सोवाला खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका, आणि त्याला काही शिकवू नका.

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा, वाढवायला येऊ नये.

आपली,
कोर्ले


तेशी,
३० ऑगस्ट १९८७

चि. सौ. कोर्ले हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोवा सुखरूप आहे. डीकनसाहेब जिवंत आहेत. या दोन विधानांतील भेद पुढील वृत्तांतावरून स्पष्ट होईल.

‘माणसाला भ्या’ असे जिच्या कपाळावर रंगवले आहे, त्या ताविया-रथात आम्ही प्रविष्ट झालो. मामांनी पुढच्या आसनाची अपेक्षा व्यक्त केली. त्यावर दारातल्या मेटने, म्हणजे भाडे गोळा करणाऱ्या पोराने, त्यांना सांगितले की आजोबा, पुढे बसायला पोट कमी लागतं. परिणामी मधल्या वाटेतील घडीच्या फळकुटावर त्यांची स्थापना झाली. डावीकडे भाजलेल्या माशांची टोपली व तिची धनीण, उजवीकडे मी, पायांशी एक शेळी. सोवा माझ्या मांडीवर. मासेवाली म्हणाली की म्हाताऱ्या, एवढा ताठ बसू नकोस, तू काय फोटो काढायला आलायस? मामा उत्तरले की आपण चर्चचे डीकन आहोत. ती म्हणाली, मग तर सरकच, परमेश्वर सगळीकडे असतो, त्याला जागा लागतेच.

येथे मी सुडाची यंत्रणा कार्यान्वित केली. मी मेटच्या कानात इतकेच सांगितले की हे महापुरुष गाडीत प्रवचन करण्याचा नवस बोलले आहेत, पण संकोची असल्याने आग्रह करावा लागेल. मेटने गाडीभर घोषणा केली. आग्रह झाला. मामांनी नकार दिला. तो विनय समजला गेला व आग्रह वाढला. रविवारी समोरचे लोक शांत बसतात म्हणून ज्यांचे प्रवचन जेवणाच्या वेळेपलीकडे जाते, त्या पुरुषोत्तमास येथे प्रत्येक वाक्याला उलटप्रश्न आले. जंतांची पूड विकणारा एक वैद्य मागच्या बाकावरून म्हणाला की पापाचं नंतर बघू, आधी ह्यांना विचारा पोट साफ होतं का. मासेवाली म्हणाली, होत नसणार, तोंडावरूनच कळतंय.

न्सावामला पाव घ्यायला गाडी थांबली. मामा बायबल उघडून उत्तर शोधीत होते. मांडीवर ठेवलेली त्यांची टोपी शेळीने शांतपणे, कडेपासून मध्याकडे, भक्षण केली. मामांना ते कळले तेव्हा फक्त फीत उरली होती. त्यांनी शेळीकडे पाहिले. शेळीने त्यांच्याकडे पाहिले. आणि कोर्ले, तुझा मुलगा हसला.

मी विनोदाने लिहीत नाही. तो प्रथम उचकी लागल्यासारखा थरथरला, मग माझ्या छातीवर डोके आपटून आपटून हसला, श्वास कोंडेपर्यंत. सगळी गाडी त्याच्याकडे वळली. मासेवालीने त्याला एक मासा दिला. पुढे अक्रापर्यंत तो मेटशेजारी दारात उभा राहून (मी त्याची कंबर दोन्ही हातांनी धरली होती, तावियाला साक्षीला विचार) ‘अक्रा, अक्रा, अक्रा’ असा घोष करीत आला.

मुलाचे पहिले हास्य माझ्या मांडीवर झाले, याची कुलवृत्तांतात नोंद व्हावी. सुडाचा प्रथमाध्याय समाप्त.

लोभाविषयी या पत्रानंतर काय उरले ते कळवावे.

तुझा विजयी भावोजी,
आमार्काय


कोफोरिदुआ,
२० सप्टेंबर १९८७

ती. भावोजींना शि. सा. न. वि. वि.

तुमचा विजय घरी येऊन पोचला, त्याची हकीकत ऐका.

गेल्या रविवारी प्रार्थना सुरू असताना सोवा चर्चच्या दारात उभा राहिला आणि अक्रा, अक्रा ओरडू लागला. मग आत येऊन त्याने पास्टरबाईंना सांगितलं की मावशी, सरका, अजून एकाची जागा आहे, पोट आत घ्या. त्या सरकल्या. अख्खा बाक सरकला आणि टोकाची म्हातारी खाली बसली. मी पोट घेऊन धावत जाईपर्यंत तो दुसऱ्या बाकाला लागला होता. मामा पुढच्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, फक्त त्यांचे कान लाल झाले.

घरी आल्यावर मी सोवाला रागे भरले, तर तो म्हणाला की आई, तू रागावलीस की शेळीसारखी दिसतेस. तुमच्या भावाला खोकला आला. मी ह्यांना सांगितलं की आज खोकला आला तर स्वयंपाक तुम्ही करायचा. केला. करपला.

तेव्हा आता नीट वाचा. बाळाच्या आठव्या दिवसाला तुम्ही आलात, तर पाहुणे म्हणून या. बोकडाशेजारची तुमची जागा राखून ठेवली आहे. बोकड बदलला आहे, तुम्ही तेच आहात.

लोभ तूर्त बंद आहे.

आपली,
कोर्ले


तेशी,
२७ सप्टेंबर १९८७

चि. सौ. कोर्ले हिस आशीर्वाद, वि. वि.

हुकूमनामा प्राप्त झाला. मी पांढरे वस्त्र नेसून येईन, पहाटेच्या आधी स्नान करीन, आणि बोकडाशेजारी अशा ठिकाणी उभा राहीन की तुझ्या मामांना बाळ उचलताना माझे तोंड दिसलेच पाहिजे. मी काहीही बोलणार नाही. केवळ दिसेन. तेवढे पुरेल.

मामांना नव्या टोपीसाठी शुभेच्छा.

आमार्काय


कोफोरिदुआ,
६ डिसेंबर १९८७

ती. भावोजींना शि. सा. न. वि. वि.

बाळ बोर्ते चांगला आहे, दूध पितो आणि झोपतो. मीही उठून फिरते. तुम्ही गुरुवारी कोणालाही न सांगता पहिल्या गाडीने निघून गेलात, म्हणून जे समोर सांगायचं होतं ते लिहिते.

मी आयत्या वेळी बाळ तुमच्या हातात का दिलं, हे तुम्हाला कळलं नसेल. आदल्या संध्याकाळी मामा स्वतः माझ्याकडे आले होते. म्हणाले की पाच वर्षं सोवा माझ्यासारखा होतोय म्हणून मला अभिमान होता, पण त्या गाडीत तो हसला तेव्हा कळलं की पोरगं एवढे दिवस माझं ओझं वाहत होतं. हे बाळ त्या उपद्व्यापी माणसाला दे. मी नको म्हणाले. आत्याची पेटी सांगितली. तेव्हा मामा म्हणाले की म्हणूनच दे. त्याला जे हवं आहे ते त्याच्या हातात ठेव, याहून मोठी शिक्षा मला तरी सुचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मामा गमतीचं काही बोलले, आणि ते तुमच्याबद्दल होतं.

म्हणून मी उंबऱ्याशी येऊन तुम्हाला हाक मारली. तुमचं तोंड मला जन्मभर पुरेल. सूड सूड म्हणून पाच महिने पत्रं लिहिणारा माणूस, अंगणात सगळी माणसं जमलेली, रिवाजाप्रमाणे छपरावर टाकलेलं पाणी बाळाच्या अंगावर ठिबकतंय, बाळ जमिनीवर हात पाय झाडतंय, आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे आणि तोंडातून शब्द नाही. म्हाताऱ्या बायका म्हणायला लागल्या की बोल की रे बाबा, पोराला गारठा लागतोय. मासळी बाजारातली एक म्हणाली की ह्याची वाचा गेली, आता पोर मुकं निघणार. तुमच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. छपराचं पाणी तिथे येत नव्हतं, मी पाहिलं. शेवटी मामांनी मागून एकेक शब्द पुरवला आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखा तो मागोमाग म्हटलात. मी मात्र हसले, भावोजी. आत्याची पेटी कलंडली त्या दिवसापासून तुमच्यासमोर पहिल्यांदाच हसले, आणि पोटभर हसले. फिटंफाट झाली.

आता शिक्षेचा दुसरा भाग. बोर्तेचं अंगावरचं दूध सुटलं की त्याला तेशीला तुमच्याकडे पाठवणार. ह्यांना विचारलं आहे, हे हो म्हणाले. त्याला तुमच्या वळणावर जायचंच आहे, तर ते रोज बघायला मी का थांबू? रात्री त्याला तुम्ही उठवायचं, ताप आला की दवाखान्याच्या गाडीत तुम्ही बसायचं, आणि तुमचेच विनोद तो तुम्हाला ऐकवेल तेव्हा तुम्ही गप्प बसून ऐकायचं. सुट्टीत सोवा येईल, तो तुमच्यावर लक्ष ठेवील.

लोभ पुन्हा सुरू केला आहे. गैरवापर करू नये.

आपली,
कोर्ले


तेशी,
१४ डिसेंबर १९८७

चि. सौ. कोर्ले हिस आशीर्वाद, वि. वि.

शिक्षा मान्य. अपील करीत नाही.

विहिरीभोवती कठडा घालण्यास सुतार सांगितला आहे. शेळ्या शेजाऱ्याकडे हलविल्या. पाळण्याचे माप हवे आहे, तरी बोर्तेची लांबी कळव. आणि दूध सुटेपर्यंत ती वाढेल हे मला ठाऊक आहे, पण आजची कळव. तो कुशीवर झोपतो की पाठीवर? रडतो तेव्हा आधी काय करून पाहावे? मी येथील बायकांना विचारले, त्यांनी प्रत्येकीने वेगळे सांगितले व सर्वजणी माझ्यावर हसल्या. मला तो प्रकार अपरिचित वाटला.

त्या अंत्ययात्रेत मी काय म्हणालो ते तुला नको आहे. मी ते लिहीत नाही. तुझ्या मामांना मात्र सांग की त्यांचा सूड माझ्यापेक्षा उत्कृष्ट बांधणीचा होता, आणि त्यांनी ईस्टरला ताविया-रथाने इकडे यावे. फळकुटावर मी बसेन.

पोर मुके निघेल, असे ती बाई म्हणाली, ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून रोज पहाटे अंगणात उभा राहून ते शब्द मी कोणी पुरविल्यावाचून म्हणून पाहतो. ‘वळणावर जा’ हे आता स्पष्ट येते. ‘माझ्या’ या शब्दापाशी अजून अडतो. सराव चालू आहे.

लोभ वाढवावा, ही खरीखुरी विनंती.

तुझा,
आमार्काय