पंपावरची गुलाबी खूण

बाबा, आज एक डॉक्टर त्यांची पेट्रोल गाडी घेऊन माझ्या वर्कशॉपला आले होते. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो आधीच विकत घेऊन ठेवलाय आणि आता पंप नि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर सगळ्यात मोठे टाका म्हणतात. मी कागद घेऊन बसले. इंजिनात हवा किती जाणार, तेवढ्या हवेला पेट्रोल किती लागणार, एकेका इंजेक्टरच्या वाट्याला किती येणार, सगळं मांडलं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन जळतं, म्हणून वर थोडी शिल्लकही धरली आणि म्हटलं, मधला पुरे. त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. विसाव्या वर्षी ते मीच घेऊन फिरत होते.

तुम्हाला आठवत असेल, जव्हारहून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. वर्गात एकटी मुलगी आणि पहिली आलेली. तुमची जीप मोखाडा-खोडाळा करायची आणि बाजाराच्या दिवशी भरली की चढाला दम टाकायची. अर्धी माणसं उतरून मागून चालत यायची, म्हाताऱ्या बायका डोक्यावरची पाटी सांभाळत तुम्हाला शिव्या घालायच्या आणि तुम्ही हसत ऐकून घ्यायचात. मी म्हटलं, टर्बो बसवू. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणाले, "पोरीच्या हातात इंजिन दिलंस, आता बैल बघून ठेव." ते चेष्टेनंच म्हणत होते, पण खोटं नव्हतं. घर त्या एका जीपवर चालायचं. इंजिन गेलं असतं तर घर बसलं असतं, आणि तालुक्यात पुन्हा कुणी माझ्या हातात पाना दिला नसता. तुम्ही बिडी विझवलीत आणि एवढंच म्हणालात, "येतं तिला."

नाशिकच्या भंगारातून आणलेला टर्बो आपल्या अंगणात मोहाच्या झाडाखाली बसला. नोझल तपासताना त्यातून डिझेलचा फवारा कसा पडतो ते बघायला मी तळहात पुढे नेला आणि तुम्ही असा फटका मारलात की हात दिवसभर ठणकत होता. त्या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं शिरतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं, तरी हात गेला. "भाकर कंच्या हातानं खाशील उद्या?" एवढंच बोललात आणि तोंड फिरवलंत. त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नव्हता.

मला मोठ्या भोकांचे नोझल टाकायचे होते. तुम्ही म्हणालात, "जुनेच रव्हू दे." आई चुलीत लाकडं कोंबायची तेव्हाही तुम्ही मुकाट्यानं एक लाकूड बाहेर ओढायचात, आणि धूर कमी झाला की आई म्हणायची, वारा फिरला. नोझलवर मी हरले, म्हणून पंपावर वचपा काढला. डिझेल वाढवायचा मागचा स्क्रू पूर्ण एक आटा आत घेतला, नट आवळला आणि दोन्हींवरून माझ्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. रिकामी जीप अशी पळाली की मी खिडकीतून ओरडत होते. मागे अर्धवट जळलेल्या डिझेलचा काळा धूर होता. तुम्ही आरशात तो धूर बघत होतात.

पुढच्या बाजाराला तुम्ही मला बरोबर नेलं नाहीत. संध्याकाळी स्टँडवर मात्र ज्याला त्याला सांगत होतात, "चढाला एक माणूस उतरला नाय. पोरीनं केली गाडी." मग घरी येऊन खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या हातात ठेवलीत. गुलाबी. आईसाठी कधी टिकलीचं पाकीटसुद्धा न आणणाऱ्या माणसानं ती आणली, म्हणून आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाटली थोडी वापरलेली होती, तोंडाशी रंग ओघळलेला. "दुकानवाल्यानं खोलून दाखवली," तुम्ही म्हणालात. मग मान खाली घालून विचारलंत, "गाडी बराबर हाय ना? तुझीच सेटिंग हाय."

मी म्हणाले, "हो, माझीच."

जीप त्याच इंजिनावर बरीच वर्षं चालली. तुम्ही गेल्यावर विकायच्या आधी मी पंप उतरवून ठेवून घेतला. तो माझ्या फळीवर आहे. स्क्रू मी ठेवला होता त्यापेक्षा अर्धा आटा बाहेर आहे. लाल रेघ खरवडलेली आणि तिथेच गुलाबी रेघ, तुमच्या जाड बोटांना जमेल तेवढी सरळ. टर्बोची हवा ठेवलीत, डिझेल तेवढं आवरलंत. अर्धाच आटा, आणि तोच बरोबर होता; माझ्या पूर्ण आट्यावर, डिझेल जादा होऊन, भरल्या गाडीचं इंजिन चढाला जळालं असतं. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगते, आज डॉक्टरांनाही सांगितली: वडील गेल्यावर पंप उतरवला तेव्हा कळलं, त्यांनी आयुष्यभर मला कळू दिलं नाही. डॉक्टर मधल्या इंजेक्टरला हो म्हणाले. सांगताना माझे डोळे दर वेळी भरून येतात, आणि ते खोटं नसतं.

पण गोष्ट तशी नाही, बाबा. हा कागद मी पंपाखाली ठेवून देणार आहे, म्हणून लिहिते. बाजाराच्या त्या संध्याकाळी तुम्ही स्टँडवर गप्पा मारत होतात तेव्हा मी ऑइल बघायला बॉनेट उघडलं होतं. पंपावरची गुलाबी रेघ जाड थापलेली, अजून ओलसर होती, माझ्या बोटाला लागली. तुम्ही बाटली दिलीत तेव्हा ते बोट मी ओढणीत लपवलं होतं.