नवा कर्नल उडवण्याची परवानगी

प्रति,
मा. कर्नलसाहेब,
मुख्य प्रशासक, लष्करी रुग्णालय.

विषय : रक्तपेढीच्या संगणकातील नवा कर्नल उडवण्यास आपल्या सहीची परवानगी तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : आज सकाळी सर्व्हरच्या खोलीत पहाऱ्यावरील जवानांनी केलेली मारहाण.

महोदय,

१. अर्जदार व त्याचा धाकटा भाऊ आपल्या रुग्णालयाचे संगणक सांभाळतात. रक्तपेढीचा प्रोग्रॅम जुनाट असल्याने तो व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका संगणकाच्या पोटातल्या दुसऱ्या संगणकात, चालतो. हे संगणक लिनक्स नावाच्या यंत्रणेवर चालतात, आणि तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हे नाव अर्जदाराने ठेवलेले नाही. आज सकाळी अपडेटमधून नवा कर्नल आला, त्याचे व्हर्च्युअल मशीनशी जमेना, आणि रक्तपेढी ठप्प झाली.

२. भावाने व्हरांड्यातून अर्जदारास फोन केला. शब्द जसेच्या तसे : "दादा, नवा कर्नल आल्यापासून सगळं बंद पडलंय. ह्याला उडवतो आणि जुन्यालाच परत बसवतो." त्यावर अर्जदार म्हणाला, "उडव. पण आधी जुना शाबूत आहे का बघ." आपण गेल्याच आठवड्यात रुजू झालात, हे दोघा भावांच्या ध्यानात आले नाही. मागे उभ्या असलेल्या जवानाच्या मात्र लगेच आले.

३. भाऊ सर्व्हरच्या खोलीत पोहोचताच जवानांनी दार लाथेने तोडले. त्याने हात वर केलेले असताना बंदुकीच्या दस्त्याने त्याचा जबडा फोडला, आणि तो पडल्यावर पोटात बुटांच्या लाथा घातल्या. अर्जदार धावत आला, तेव्हा त्याचा उजवा हात सर्व्हरच्या लोखंडी कपाटात धरून कपाटाचे दार त्यावर आपटण्यात आले. कट कोणाचा, असे विचारले असता भावाने रक्ताची गुळणी टाकून "अपडेटचा" असे सांगितले, म्हणून त्याला पुन्हा मारले. मग आपल्या आधीचे, निवृत्त कर्नलसाहेब गुलाबांना पाणी घालत होते, त्यांना बनियनवर उचलून आणले. परत बसायचे आहे काय, असे त्यांना दरडावून विचारले. गुडघे दुखत असल्याने ते हो म्हणाले. तेही आता कोठडीत आहेत.

४. भाऊ खालच्या वॉर्डात आहे. पोटात आतून रक्तस्राव चालू असून रक्त ताबडतोब चढवले पाहिजे, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. रक्त शीतकपाटात आहे, पण त्याचे कुलूप प्रोग्रॅमनेच उघडते. अर्जदाराने ते फोडायला हातोडा मागितला, तो शस्त्र म्हणून जप्त झाला. दुरुस्ती साधी आहे. संगणक बंद करून चालू करायचा आणि यादीतून जुना कर्नल निवडायचा. डाव्या हाताचे एक बोट पुरेल. परंतु कर्नलच्या केसालाही धक्का लागता कामा नये असा हुकूम असल्याने पहारेकरी अर्जदाराला खोलीत शिरू देत नाहीत. हुकूम आपल्या सहीनेच उठेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

५. सबब "नवा कर्नल उडवावा" एवढेच याच कागदावर लिहून सही करावी. बाकी चौकशी मागाहून करावी, हवा तर अर्जदाराचा दुसरा हातही घ्यावा. पण साहेब, आत्ता सही करा. तो एकुलता भाऊ आहे.

आपल्या दाराबाहेर जमिनीवर बसलेला,
आपला नम्र
अर्जदार
(सही डाव्या हाताची)
दिनांक : आजचाच

ता. क. : आपण जेवायला बसल्यामुळे अर्ज आत घेतला गेला नाही. भावाला आता रक्त लागणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी वर येऊन सांगितले. तरीही परवानगी द्यावी, शेजारच्या खाटेवर आपलाच एक जवान रक्तावाचून पडला आहे. सकाळी अर्जदाराला फक्त संगणकातला कर्नल उडवायचा होता.